चाळिशीच्या उंबऱ्यावर जर्मन: सांगलीत राहून सुरुवात कशी करायची

कुपवाड एमआयडीसीत मी ज्या शॉपमध्ये काम करतो तिथे एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन आहे, सेकंडहँड घेतलेलं. त्याच्या लाल बटणाखाली 'नोट-आउस' असं लिहिलंय. आम्ही ते इंग्रजी समजून वाचायचो आणि बटणाला 'नॉटआऊट' म्हणायचो. "नॉटआऊट दाब रं!" अशी आरोळी आली की कुणीतरी धावत जाऊन मशीन बंद करायचं. चार वर्षांनी मला कळलं की 'नोट' म्हणजे संकट आणि 'आउस' म्हणजे बंद. मग त्याच मशीनचं जाडजूड मॅन्युअल कपाटातून काढलं, आणि वयाच्या ३९ व्या वर्षी जर्मन शिकायला घेतलं. बी१ पर्यंत, म्हणजे भाषेच्या सहापैकी तिसऱ्या पायरीपर्यंत पोचायला मला अडीच वर्षं लागली.

तेव्हापासून कंपनीत, गल्लीत, लग्नात जेवणाच्या पंगतीत माणसं विचारतात, "दादा, जर्मन शिकू का? जमंल का या वयात?" प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी 'कशासाठी' ते लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: मला जर्मन कशासाठी पाहिजे. "करिअरला चांगलं असतं" हे कारण नव्हे. त्या कारणावर पाऊस पडला तरी क्लास बुडतो.

भाषेच्या पायऱ्या सहा आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. कुठपर्यंत चढायचं ते कारणावर ठरतं. नवरा किंवा बायको जर्मनीत आहे आणि तिकडे राहायला जायचंय, तर साधारणपणे ए१ चं प्रमाणपत्र मागतात. आउसबिल्डुंग, म्हणजे पगार घेत धंदा शिकायचा तिकडचा कोर्स, त्याला बहुतेक ठिकाणी बी१ लागते, काही ठिकाणी बी२. मिरजेत नर्सिंग केलेल्या मुली खूप आहेत. त्यांनी धरून चालावं की परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी२ लागते. डॉक्टरांना त्याच्याही वर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, सी१ च्या तोडीची. १ जून २०२४ पासून 'शान्सनकार्टे' नावाचं संधीपत्र सुरू झालंय, तिकडे जाऊन नोकरी शोधण्यासाठी. त्याला ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी चालतं, पण हातात मान्य शिक्षण लागतं, आणि जर्मन जास्त असेल तर गुण जास्त मिळतात. सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. मात्र घर भाड्याने घेताना आणि डॉक्टरकडे गेल्यावर जर्मन नसल्याचं कळतंच.

हे नियम बदलत राहतात. जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर विसंबू नका. २०२४ मध्ये आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नाक्यानाक्यावर बोर्ड लागलेत. करार सरकारांचा आहे, शब्द पाठ करणं तुमच्याकडेच आहे.

आणि कारण नुसतं "आवड" असेल तरी बिनधास्त लिहा. त्या मंडळींना घाई नसते, त्यामुळे ती जास्त टिकतात असं मी पाहिलंय.

तासांचा हिशेब, हप्त्याच्या हिशेबाइतका काटेकोर

गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मनीची अधिकृत भाषासंस्था. तिचा अंदाज असा: शून्यापासून ए१ ला ८० ते २०० तासिका, बी१ ला ३५० ते ६५०, बी२ ला ६०० ते ८००. तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे घड्याळाच्या तासांत बी१ ला सुमारे २६० ते ४९०. आता "तीन महिन्यांत बी१" अशी जाहिरात दिसली की भागाकार करा. ९० दिवस, रोज तीन ते साडेपाच तास, सुट्टी नाही. बारावी झालेला, घरी बसलेला मुलगा कदाचित करेल. ज्याची शिफ्ट आहे, घरी दोन पोरं आहेत आणि शेतात पाळीचं पाणी रात्री दोनला येतं, त्याला जमणार नाही.

मला आठवड्याला पाच तास मिळायचे. पहाटे साडेपाच ते सव्वासहा, रविवार सोडून, म्हणजे साडेचार तास. उरलेला अर्धा तास इकडून तिकडून. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका. गणपती, दिवाळी, लग्नसराई, जत्रा आणि आजारपण मिळून आठ आठवडे जातात. ४४ धरा. ४४ गुणिले ५ म्हणजे २२०. एवढ्यात ए१ नीट होतो आणि ए२ अर्ध्यावर येतो. हा आकडा पाहून वाईट वाटून घेऊ नका, आकडा आधी माहीत असला की तिसऱ्या महिन्यात "मलाच जमत नाही" असं वाटत नाही.

फी भरायच्या आधी दोन आठवडे फुकट

डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ए१ पासूनचे कोर्स इंटरनेटवर मोफत आहेत, व्हिडिओसकट. दोन आठवडे, रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी. चौदापैकी किमान अकरा दिवस बसलात तर क्लास शोधा. सहाच दिवस बसलात तर वेळ चुकीची निवडलीय. वेळ बदला आणि पुन्हा चौदा दिवस करा. मी पहिल्यांदा रात्री दहाची वेळ ठेवली होती आणि व्हिडिओतल्या माणसाने नाव सांगायच्या आत घोरायला लागायचो.

क्लास निवडताना

सांगली-साताऱ्यात खासगी शिकवण्या आता बऱ्याच निघाल्यात, काही चांगल्या आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाची. आणि बोट क्लब रस्त्यावर गोएथे इन्स्टिट्यूटचं मॅक्स म्युलर भवन. नोकरी सोडून पुण्यात राहणं शक्य नसेल तर ऑनलाइन बॅच हाच मधला रस्ता. साताऱ्याची माणसं शनिवार-रविवार विनाथांबा एसटीने स्वारगेट गाठू शकतात. सांगलीहून तो प्रवास दर आठवड्याला करणं म्हणजे हाल आहेत.

कुठेही जा, एक तास फुकट बसू द्या म्हणावं. त्या तासात एकच गोष्ट मोजा: विद्यार्थी किती वेळ बोलतायत. सर फळ्यावर लिहितायत आणि पोरं उतरून घेतायत, एवढंच दिसलं तर नमस्कार करून बाहेर पडा. शिकवणाऱ्याने स्वतः कुठली पातळी पास केलीय हे विचारायला लाजू नका. गिऱ्हाईक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि फी एकदम भरू नका. मी भरली होती, ए१ आणि ए२ ची एकत्र, सवलत मिळते म्हणून. दोन महिन्यांत शिकवणाऱ्या मॅडम गेल्या आणि "आता पुढचे व्हिडिओ बघा" असं उत्तर आलं. पैसे परत मागायला गेलो तेव्हा पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी पहिल्यांदा वाचलं.

इंग्रजीतून नको, मराठीतून शिका

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण क्लासात हे कुणी सांगत नाही. पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, आपण इंग्रजीचे कच्चे, म्हणून वाटतं जर्मन दुप्पट अवघड जाणार. खरं तर उलटं आहे. जिथे इंग्रजीवाला अडखळतो तिथे मराठी माणूस निम्म्या वाटेवर आधीच उभा असतो.

लिंगांचंच बघा. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी किंवा डास लागतं. इंग्रजीवाले डोक्याला हात लावतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेच की! हिंदीवाल्यांकडे दोनच लिंगं आहेत, आपल्याकडे पुरी तीन. चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी डास मेसर. आपल्या लिंगाशी जुळेलच असं नाही: पुस्तक, घर, पाणी तिकडेही 'ते' आहेत, पण सूर्य 'ती' आहे आणि चंद्र 'तो'. ऱ्हाईन नदी तर चक्क 'तो ऱ्हाईन'. कृष्णामाईच्या काठावर वाढलेल्याला हे पचायला वेळ लागतो. तरी तत्त्व ओळखीचं आहे. 'ती बस, तो ट्रक, ते टेबल' हे आपल्याला कुणी शिकवलं? ऐकून ऐकून बसलं. तसंच प्रत्येक शब्द त्याच्या डेर-डी-डाससकटच पाठ करायचा, एकटा कधीच नाही. मी तीन रंगांचे पेन वापरले: निळा, लाल, हिरवा.

जर्मनमध्ये मुलगी, 'मेडशन', नपुंसकलिंगी आहे म्हणून लोक हसतात. कारण 'शन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, तो लागला की शब्द 'डास' होतो. आपणही तेच करतो: पोरगी 'ती', पण लाडाने किंवा वैतागून 'पोरगं' म्हटलं की 'ते'. कुत्रा तो, कुत्रं ते.

आकडे. जर्मनमध्ये २१ म्हणजे 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. ४७ म्हणजे 'सीबन-उंड-फीर्त्सिश', सात आणि चाळीस. इंग्रजी माध्यमातली पोरं यावर रडकुंडीला येतात. तुम्ही सत्तेचाळीस म्हणता तेव्हा आधी काय येतं? सातच. एकवीस, बावीस, तेवीस म्हणत जा आणि सोबत जर्मन म्हणत जा, एका आठवड्यात बसेल.

वेळ सांगताना मात्र मी तोंडावर आपटलो. ऑनलाइन बॅचच्या मॅडमनी सांगितलं, उद्या 'हाल्प आख्ट'ला भेटू. 'हाल्प' म्हणजे अर्धा, 'आख्ट' म्हणजे आठ. मी म्हटलं साडेआठ. साडेआठला लॅपटॉप उघडला तेव्हा तास संपत आला होता. हाल्प आख्ट म्हणजे साडेसात: आठव्या तासातला अर्धा. चिडून बसलो, आणि मग ध्यानात आलं की आपलं 'अडीच' असंच आहे. मूळ संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. अडीच वाजता याला जर्मन माणूस 'हाल्प द्राय' म्हणतो, अर्धा तीन. तीच रीत. आपण फक्त दीड आणि अडीचपाशी थांबलो, ते बारापर्यंत गेले.

वाक्यरचनेत दोन गोष्टी. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं: 'हॉयटे फारे इश नाख मिरज', आज जातो मी मिरजेला. आपण बोलताना असं म्हणतोच. पण 'कारण' वगैरे शब्दांनी सुरू होणाऱ्या पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश म्यूडे बिन'. शब्दाला शब्द लावा: कारण, मी, दमलेला, आहे. मराठीच की हे! क्लासात एक इंजिनिअर मुलगा यावर दोन आठवडे झगडत होता, कारण तो मनात इंग्रजी वाक्य तयार करून मग उलटवत होता. मी त्याला म्हटलं, मराठीत विचार कर. दुसऱ्या दिवशी बरोबर यायला लागलं.

'मला' ही चतुर्थी इथे फार उपयोगी आहे. 'मला थंडी वाजतेय' हे 'मीर इस्ट काल्ट', मला आहे थंड. इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' म्हणालात तर अर्थ होतो, मी थंड स्वभावाचा माणूस आहे. 'मला आवडतं' तेही तसंच: 'डास गेफेल्ट मीर'. आवडणाऱ्या गोष्टीची प्रथमा, आपली चतुर्थी.

आता खास आपल्या भागाची चीज. जर्मनमध्ये 'डॉख' नावाचा एक शब्द आहे. पुस्तकात त्याच्यावर पानभर टीपा असतात आणि तरी कळत नाही. सांगली-सातारच्या माणसाला एका ओळीत कळतो. कुणी विचारलं, "जेवला नाहीस व्हय?" आपण काय म्हणतो? "जेवलो की!" हा जो 'की' आहे तो डॉख. 'कॉम डॉख!' म्हणजे 'ये की!' आणि 'शाउ माल' म्हणजे 'बघ जरा'. हे लहान शब्द तोंडात बसले की तुमचं जर्मन एकदम माणसासारखं वाटायला लागतं.

उच्चारांतही फायदा आहे. रोमन झेड जर्मनमध्ये 'त्स' होतो, दहा म्हणजे 'त्सेन'. आपल्या चोर, चूक, चमचा यांतला च जवळजवळ तोच. 'यू'वर दोन टिंबं आली की ओठ 'ऊ'सारखे पुढे काढायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. हे आरशासमोर करा, बायको-पोरं हसतील तर हसू द्या. आमच्या आईने पहिला महिना मला दातदुखी आहे असंच धरून चाललं होतं.

जोडशब्दांना घाबरू नका, ते समास आहेत. 'क्रांकनहाउस': आजाऱ्यांचं घर, आपलं रुग्णालय. 'हांटशू': हाताचा बूट, हातमोजा. फोड करायची शेवटाकडून, कारण लिंग शेवटच्या शब्दाचं लागतं. आणि लिहिताना प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे अनोळखी वाक्यातही नामं लगेच सापडतात.

फुकटचं काहीच नाही, हेही सांगतो. विशेषणांचे प्रत्यय आणि कुठल्या शब्दयोगीला कुठली विभक्ती, इथे मराठी फारशी मदत करत नाही. तिथे घोकंपट्टीच.

बोलायचं कुणाशी?

सांगलीत जर्मन बोलायला माणूस नाही, हे सगळ्यांचं रडगाणं. मी दोन गोष्टी केल्या. बॅचमधल्या एका इस्लामपूरच्या मुलीशी ठरवलं की रोज एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, चुका धरायच्या नाहीत, फक्त उत्तर द्यायचं. दुसरं म्हणजे भाजी मंडईत चालताना मनातल्या मनात दिसेल त्याचं नाव घ्यायचं: कांदा डी त्स्वीबेल, बटाटा डी कार्टोफेल, आणि आपली हळद 'कुर्कुमा'. शब्द अडला की वहीत लिहायचा आणि घरी येऊन शोधायचा. ज्या शब्दाला वास आणि भाव असतो तो विसरत नाही.

ए२ च्या मध्यावर एक पठार येतं. सगळं कळतं असं वाटतं, बोलता काहीच येत नाही. बरेच जण इथे सोडतात. या काळात नवीन धडे थांबवून महिनाभर जुनंच मोठ्याने वाचा, आणि डॉयचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका. पहिल्यांदा चार शब्द कळतील. तेवढेच लिहून ठेवा.

ए१ ची परीक्षा

गोएथेची ए१ परीक्षा पुण्यात देता येते. नोंदणी ऑनलाइन, जागा पटकन भरतात, म्हणून तारखांवर आधीपासून लक्ष ठेवा. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको.

चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. १०० पैकी ६० ला पास. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा छोटा निरोप. नमुना प्रश्नपत्रिका गोएथेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, घड्याळ लावून किमान तीन सोडवा. बोलण्याचा भाग गटात होतो. आधी स्वतःची ओळख, मग नावाची अक्षरं एकेक करून सांगायची आणि एखादा नंबर. इथे बरेच जण गडबडतात, कारण जर्मन अक्षरांचे उच्चार वेगळे: 'जे'ला 'योट', 'डब्ल्यू'ला 'वे', 'व्ही'ला 'फाउ'. ज्याचं आडनाव पाटील त्याचं निभावतं, जाधव-यादववाल्यांनी जास्त सराव करावा. नंतर विषयाची चिठ्ठी उचलून शेजारच्याला प्रश्न विचारायचा, शेवटी चित्र बघून विनंती करायची. विनंतीत 'बिटे' विसरू नका.

सांगलीकरांनी आदल्या संध्याकाळीच पुण्यात पोचावं. मी रात्रीच्या बसने गेलो होतो. ऐकण्याच्या भागात स्पीकरवरचा माणूस ट्रेन कुठल्या फलाटावरून सुटणार ते सांगत होता आणि माझे डोळे मिटत होते. पास झालो, पण ऐकण्यात सगळ्यात कमी गुण.

प्रमाणपत्राला मुदत नसते, पण कागद मागणारं कार्यालय "फार जुनं नको" म्हणू शकतं. म्हणून व्हिसासाठी परीक्षा देत असाल तर बाकीच्या कागदांच्या वेळेशी जुळवा. आणि निकालाची वाट बघत पुस्तक मिटून ठेवू नका. परीक्षा शनिवारी झाली असेल तर सोमवारी पहाटे साडेपाचला ए२ चा पहिला धडा काढा. मी तीन आठवडे विश्रांती घेतली, आणि परत बसलो तेव्हा चमचा डेर की डी, ते पुन्हा वहीत बघावं लागलं.